क्लिंच नदीच्या तळाशी : शिंपल्यांच्या मोजणीचे दिवस

रविवार : नॉक्सव्हिल ते स्नीडव्हिल

मुलगी नॉक्सव्हिलला असल्यामुळे टेनेसीत आमचं येणं-जाणं आहे. कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो, हे इथल्या एका ओळखीतून पुढे पोचलं आणि क्लिंच नदीतल्या शिंपल्यांच्या मोजणीला स्वयंसेवक म्हणून येता का, अशी विचारणा झाली. कराडला जन्म गेला, कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलो, आणि वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनच्या बरणीतला युनिओ (गोड्या पाण्यातला शिंपला) मुलांना दाखवला. वाहत्या पाण्यात जगणारा शिंपला पाहायला मिळणार म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो.

गटात नाशिकची एक मुलगी आहे, इथे पीएच.डी. करते. गाडी तीच चालवत होती. पहिल्याच वळणावर तिने विचारलं, "काका, पाणी थंड असतं हं. तीन-चार तास पालथं पडून राहायला जमेल ना?" मी म्हटलं, "तू फक्त नंतर गरम चहा मिळेल ते बघ."

क्लिंचचा उगम व्हर्जिनियातल्या टॅझवेल काउंटीत. डोंगररांगांच्या मधल्या लांबट खोऱ्यातून ती नैर्ऋत्येला वाहत टेनेसीत उतरते, नॉरिस धरणात अडते आणि पुढे किंग्स्टनजवळ टेनेसी नदीला मिळते. धरणाच्या वरची नदी अजून मोकळी वाहते. तेवढ्याच पट्ट्यात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या चाळीसहून अधिक जाती आजही जिवंत आहेत. अख्ख्या युरोप खंडात याच्या निम्म्याही नाहीत. अमेरिकेत सगळ्या मिळून सुमारे ३०० जाती, आणि अमेरिकेतल्या प्राण्यांच्या कुठल्याही गटापेक्षा यांच्यावरचं संकट मोठं आहे.

वाटेत क्लिंटन लागलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे मोत्यांच्या बाजाराचं गाव होतं. लोक उन्हाळ्यात नदीत उतरायचे, शिंपले ढिगाने काढून फोडायचे आणि एखादा मोती सापडला की तो मार्केट स्ट्रीटवर विकायचे. १९३६ साली नॉरिस धरण पूर्ण झालं आणि तो धंदा संपला. टेनेसी व्हॅली अथॉरिटीचं हे पहिलं धरण, उंची ८१ मीटर. पाण्याखाली गेलेल्या जमिनीवरून सुमारे २,८०० कुटुंबं उठवावी लागली. कोयनेकाठच्या माणसाला हा आकडा नुसता वाचून पुढे जाता येत नाही. माणसं निदान दुसरीकडे गेली. शिंपले मात्र जागच्या जागी गाळाखाली गेले, कारण त्यांना वाहतं पाणी लागतं.

मोत्यांची गोष्ट तिथे संपली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर टेनेसी आणि मिसिसिपी खोऱ्यांतल्या शिंपल्यांची जाड कवचं जहाजं भरभरून जपानला जाऊ लागली. कल्चर्ड मोती तयार करताना कालवाच्या पोटात जो गोल मणी ठेवतात, तो या कवचांतून कापलेला असतो. कालव त्याच्यावर मोत्याचा पातळ थर चढवतं. म्हणजे आज आपल्याकडे सराफाच्या दुकानातून घेतलेल्या कल्चर्ड मोत्यांच्या नथीत अमेरिकेतल्या एखाद्या नदीचा तुकडा बसलेला असू शकतो. नाशिकच्या मुलीला हे माहीत होतं. "माझ्या आईच्या नथीकडे मी आता वेगळ्याच नजरेने बघते," ती म्हणाली.

संध्याकाळी स्नीडव्हिल. गाव छोटंसं, चहूबाजूंनी डोंगर. जेवायला घेवड्याचं वरण आणि मक्याची भाकरी म्हणता येईल असं काहीतरी. उत्तम होतं.

सोमवार : काइल्स फोर्ड

सकाळी नदीवर धुकं होतं. काठाला सिकॅमोरची पांढऱ्या बुंध्याची झाडं. पाणी गुडघाभर, खळाळतं, खाली मूठभर आकाराचे गोटे आणि रेव. शिंपल्यांना असाच उथळ, ऑक्सिजनने भरलेला, न हलणारा तळ लागतो.

आधी गटप्रमुखांनी पद्धत समजावली. नदीच्या पात्रावर ठरावीक अंतराने जागा पाडायच्या. सुरुवातीचा बिंदू चिठ्ठी टाकून ठरवायचा, म्हणजे "इथे जास्त दिसतायत, इथेच बघू" असा मोह कुणाला होत नाही. प्रत्येक जागी अर्धा मीटर बाजूची लोखंडी चौकट तळावर ठेवायची. स्नॉर्केल लावून पालथं पडायचं, आधी वर दिसणारे शिंपले उचलायचे आणि मग चौकटीतली रेव हाताने सुमारे १५ सेंटीमीटर खोल उकरायची. हे उकरणं महत्त्वाचं. लहान पिल्लं पूर्ण गाडलेली असतात, वरून दिसतच नाहीत, आणि नदीत नवी पिढी येते आहे की नाही हे त्यांच्यावरूनच कळतं. सापडलेले शिंपले जाळीच्या पिशवीत, पिशवी पाण्यातच. मग काठावर जात ओळखायची, व्हर्नियर कॅलिपरने लांबी मोजायची, नोंद करायची आणि जिथून काढला तिथेच परत रोवायचा, श्वसनाचं टोक वर ठेवून. जात ठरवण्याचं काम परवानाधारक तज्ज्ञांचं. यातल्या कित्येक जाती केंद्रीय कायद्याने संरक्षित आहेत, परवान्याशिवाय त्यांना हात लावणंही गुन्हा.

पहिल्या चौकटीत मला काहीच दिसलं नाही. गोटे, गोटे आणि गोटे. मग हळूहळू नजर बसली. दोन गोट्यांच्या मध्ये एक बारीक फट, फटीच्या कडेला झालर, झालर किंचित हलते. शिंपल्याचं एवढंच बाहेर असतं. त्या फटीतून तो पाणी आत घेतो, गाळतो, सोडतो. मोठा शिंपला दिवसाला ३०-४० लिटर पाणी सहज गाळतो. मी हात लावला आणि फट बंद झाली.

त्यानंतर जे पाहिलं ते लिहिताना आताही हात थांबतो. पाठ्यपुस्तकात आपण ग्लोकिडिया शिकवतो. मादी आपल्या कल्ल्यांत अंडी वाढवते, त्यातून सूक्ष्म डिंभ (अळीसारखी पिल्लं), म्हणजेच ग्लोकिडिया, तयार होतात, ते माशाच्या कल्ल्यांना किंवा पराला चिकटतात, काही आठवडे तिथे राहतात आणि छोटा शिंपला होऊन तळाशी गळून पडतात. मासा नसेल तर पुढची पिढी नाही. आणि कुठलाही मासा चालत नाही, प्रत्येक जातीचे मासे ठरलेले. पण डोळे नसलेला, जागचा न हलणारा हा प्राणी माशाला जवळ बोलावतो कसा, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तज्ज्ञ बाईंनी बोट दाखवलं तिथे पाण्याखाली एक छोटा मासा तरंगत होता. त्याला डोळा होता, शेपूट होती, तो लयीत हलत होता. तो मासा नव्हता. वेव्हीरेड लॅम्पमसल जातीच्या मादीच्या प्रावाराची, म्हणजे कवचाच्या आतल्या मांसल पडद्याची, ती कड होती. बास मासा त्याला भक्ष्य समजून चावतो आणि तोंडावर ग्लोकिडियांचा लोट घेऊन परततो.

ऑयस्टर मसल ही इथली संकटग्रस्त जात याहून वेगळं करते. तिच्या प्रावाराचा आतला भाग निळसर पांढरा चमकतो, आणि डार्टर नावाचे बोटभर मासे त्याच्याकडे ओढले जातात. स्नफबॉक्स नावाचा शिंपला तर माशाला पकडतोच. लॉगपर्च मासा तोंडाने गोटे उलथत खाणं शोधतो. त्याने स्नफबॉक्सला उलथायला तोंड घातलं की झडप मिटते, डोकं अडकतं, आणि मादी ग्लोकिडिया थेट त्याच्या कल्ल्यांत सोडते. लॉगपर्चची कवटी भक्कम, तो सुटून जातो. त्याच्याहून नाजूक मासे या पकडीत मरतात. एवढा काटेकोर जम बसायला किती काळ गेला असेल, आणि मोडायला एक टँकर पुरतो. त्या टँकरबद्दल गुरुवारी.

दुपारनंतर मूड बदलला. एका चौकटीजवळ शिंपला रेवेत रोवलेला नव्हता, वर आडवा पडला होता. कवच उघडं, आत मांस. स्पर्श केला तर तो मिटायचा प्रयत्न करत होता, मिटू शकत नव्हता. फेझंटशेल. ही जात कधीकाळी या पट्ट्यात सर्वांत मुबलक होती. २०१६ च्या शरद ऋतूत इथे ती अचानक मरू लागली आणि पुढच्या वर्षांत तेच पुन्हा घडलं. काइल्स फोर्डच्या फक्त २०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत सुमारे ८०,००० फेझंटशेल गेल्याचा अंदाज आहे. शास्त्रज्ञांनी आजारी आणि निरोगी शिंपल्यांची तुलना केली, तेव्हा आजाऱ्यांत एक विषाणू फार मोठ्या प्रमाणात सापडला. २०२० साली त्याच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, नाव क्लिंच डेन्सोव्हायरस १. मरणाचं एकमेव कारण तोच आहे असं अजून म्हणता येत नाही, पण संशय दाट आहे.

मला एक गोष्ट फार लागली. नदीच्या तळाशी ऐंशी हजार जीव मेले तरी काठावरून काही दिसत नाही. मासे मेले तर पांढरी पोटं वर येतात, वास सुटतो, पेपरात फोटो येतो. शिंपला मेला तर रिकामं कवच रेवेत राहतं. हे मरण कळलं, कारण याच गोट्यांवर कुणीतरी वर्षानुवर्षं येऊन चौकट ठेवत होतं. मागचे आकडे हातात होते म्हणून आताचा खड्डा दिसला.

रात्री खांदे भरून आले होते. चहा मिळाला.

मंगळवार : पाऊस

रात्रभर पाऊस. नदी चहासारखी गढूळ, हातभर खालचं दिसेना. अशा पाण्यात मोजणी केली तर निम्मे शिंपले सुटतात आणि आकडा खोटा येतो, म्हणून काम बंद.

मोटेलच्या व्हरांड्यात काल गोळा केलेली रिकामी कवचं मांडून बसलो. काही मस्करॅटने (पाण्यात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याने) खाऊन काठावर टाकलेली. आतला मोतिया थर चकचकीत असेल तर मरण ताजं, खडूसारखा पडला असेल तर जुनं. नाशिकची मुलगी वर्गवारी करत होती आणि मी तिला सह्याद्रीतले शिंपले आठवून सांगत होतो. तुंगा-भद्रेतला स्यूडोमुलेरिया डॅलयी, जो कालवासारखा खडकालाच चिकटून जगतो. गोड्या पाण्यात असं करणारा तो भारतातला एकमेव. कृष्णेच्या खोऱ्यातला आर्सिडोप्सिस फूटी. दोन्ही पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाहीत, दोन्ही संकटग्रस्त. आणि पुण्याचं नाव घेऊन फिरणारा पॅरेसिया खडकवास्लाएन्सिस, ज्याचं वर्णन १९६६ साली झालं.

"खडकवासल्याला मी शंभर वेळा कणीस खायला गेलेय," ती म्हणाली, "आणि हे कुणी सांगितलं नाही."

"आता तू सांग," मी म्हटलं. "पण आधी मोज. कृष्णेच्या एखाद्या घाटावर, एका ठरलेल्या जागी, दरवर्षी. वाळूउपसा कुठे चालतो ते तुला दिसेलच."

ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. पाऊस तीनला थांबला, पण पाणी निवळायला रात्र लागणार होती.

बुधवार : पेंडल्टन आयलंड

सीमा ओलांडून व्हर्जिनियात, स्कॉट काउंटीतल्या फोर्ट ब्लॅकमोरजवळ. इथे नदीच्या मधोमध लांबट बेटं आहेत. ही जागा आज निसर्गरक्षण करणाऱ्या एका संस्थेकडे सुरक्षित आहे. पाणी निवळलं होतं. तळ पाहिला तर काइल्स फोर्डसारखाच, किंबहुना अधिक देखणा.

पहिली चौकट : शून्य. दुसरी : शून्य. तिसऱ्या चौकटीत एक, म्हातारा, कवच झिजून पांढरं झालेलं. मग पुन्हा शून्य.

१९७९ साली याच ठिकाणी दर चौरस मीटरला सुमारे २५ शिंपले होते. कित्येक लोक या जागेला जगातल्या उत्तम शिंपला-तळांपैकी एक मानत. २००४ पर्यंत हा आकडा पाचाच्या आत आला आणि घसरण चालूच राहिली. २००४ ते २००९ च्या मोजणीत टेनेसीच्या हद्दीत संख्या वाढती आणि व्हर्जिनियाच्या या भागात घटती आढळली. नदी तीच, पाणी तेच वाहत खाली जातं, मग वर मरण आणि खाली जीवन का? वरच्या अंगाला कोळशाच्या खाणी आहेत, गेस्ट रिव्हरसारख्या उपनद्या खाणींचं पाणी घेऊन येतात. शिवाय जुने घाव. जून १९६७ मध्ये कार्बोच्या वीजकेंद्राचा राखेचा बांध फुटला आणि क्षारयुक्त राखेचा लोट नदीत आला. खाली कित्येक मैल मासे मेले, शिंपले मेले. १९७० साली तिथूनच सल्फ्युरिक आम्ल सांडलं. कारणांचा नेमका वाटा ठरवण्याचं काम अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर एका कारणाच्या शोधात फार अडकू नये. हळूहळू चढणारी क्षारता, धातू आणि गाळ, हे सगळं मिळूनही मारू शकतं.

या बेटापाशी मला एक तारीख माहीत होती, म्हणून मी जरा बाजूला जाऊन पाण्यात बसलो. ग्रीन ब्लॉसम नावाच्या शिंपल्याचा शेवटचा जिवंत नमुना १९८२ साली इथे मिळाला. त्यानंतर तो कुणालाही, कुठेही दिसला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने २१ जाती नामशेष म्हणून संकटग्रस्त यादीतून काढल्या. त्यात शिंपल्यांच्या आठ होत्या, आणि ग्रीन ब्लॉसम त्यातला एक. बातम्यांत पक्ष्यांची नावं आली, आयव्हरी-बिल्ड सुतारपक्षी नामशेष की नाही यावर वादही झाले. शिंपल्यांसाठी दोन ओळी. ज्याने १९८२ साली तो हातात घेतला त्याला हा शेवटचा आहे हे कळायचा काही मार्ग नव्हता.

दुपारी नोंदपत्रकाचा रकाना भरताना मुलीने विचारलं, "काका, रिकाम्या चौकटीही सगळ्या लिहायच्या?"

"प्रत्येक," गटप्रमुख आधी बोलल्या. शून्य लिहिलं नाही तर पुढच्या माणसाला वाटेल की इथे कुणी पाहिलंच नाही. मी माझी सगळी शून्यं नीट, स्पष्ट अक्षरात काढली.

गुरुवार : क्लीव्हलंड

आणखी वर, रसेल काउंटीत, कार्बोच्याही वरच्या अंगाला. क्लीव्हलंड नावाच्या चिमुकल्या गावाजवळ नदीत बेटं आहेत. आज काम दुहेरी होतं, सोडायचंही आणि मोजायचंही.

सकाळी मॅरियनहून गाडी आली. तिथे व्हर्जिनियाच्या वन्यजीव विभागाचं केंद्र १९९८ पासून शिंपल्यांची पैदास करतं. मादीकडून ग्लोकिडिया घ्यायचे, योग्य माशांच्या टाकीत सोडायचे, काही आठवड्यांनी टाकीच्या तळाला गळून पडलेली वाळूच्या कणाएवढी पिल्लं गाळून घ्यायची, आणि नदीत तगतील एवढी होईपर्यंत वाढवायची. ब्लॅक्सबर्गला व्हर्जिनिया टेकचं असंच केंद्र आहे. ऑयस्टर मसल या भागातून नाहीशी झाली होती. व्हर्जिनिया टेकच्या लोकांनी २००६ ते २०११ या काळात खालच्या नदीतून प्रौढ शिंपले आणून आणि पैदास केलेली पिल्लं सोडून, वेगवेगळ्या रीती तपासत, तिला इथे पुन्हा वसवलं.

शीतपेटी उघडली. ओल्या कापडाखाली सुपारीएवढे शिंपले, प्रत्येकाच्या कवचावर क्रमांकाची बारीक प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली. एक-एक हातात घेऊन रेवेत बोटाने खड्डा करायचा, शिंपला अर्धा रोवायचा आणि क्षणभर थांबायचं. काहींनी तेवढ्यातच पाद (मांसल पाय) बाहेर काढून स्वतःला आत ओढून घेतलं. इतकी वर्षं मुलांना "पादाने रुतून बसतो" असं फळ्यावर लिहून दिलं, ते बोटांना जाणवलं तेव्हा किती बळ लावतो तो जीव हे समजलं.

जेवणाच्या सुटीत टँकरची गोष्ट निघाली. २७ ऑगस्ट १९९८. इथून वरच्या अंगाला सीडर ब्लफजवळ हमरस्त्यावर रबर-उद्योगात लागणाऱ्या रसायनाचा टँकर उलटला आणि सुमारे ५,१०० लिटर रसायन ओढ्यातून नदीत आलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. सुमारे ११ किलोमीटर पट्ट्यात जवळजवळ काहीच वाचलं नाही. किमान ७,००० शिंपले मेले, त्यात संरक्षित जातींचेही. मॅरियनचं केंद्र त्याच वर्षी सुरू झालं.

दुपारी चौकटी. जुन्या सोडलेल्यांपैकी कितीजण तगलेत ते पाहायचं. क्रमांक वाचून दाखवायचा, मुलगी लिहून घ्यायची. एक, अजून एक, एक मेलेला, एक गाभण मादी. मग रेव उकरताना माझ्या करंगळीच्या पेराएवढा एक शिंपला हाती आला. तज्ज्ञ बाईंनी तो उलटसुलट केला, भिंगाखाली धरला.

"ऑयस्टर मसल. क्रमांक?"

मी दोन्ही बाजू पाहिल्या. पट्टी नव्हती. पट्टी गळून पडल्याची गोंदाची खूणही नव्हती. हा कुठल्या टाकीत वाढलेला नव्हता. इथल्याच मादीच्या, इथल्याच डार्टरच्या कल्ल्यांतून, याच रेवेत पडलेला. बाईंनी तो आणखी दोघांना दाखवला. कुणी ओरडलं नाही, पण सगळे पाण्यातून उठून जवळ आले होते. लांबी मोजली, छायाचित्र काढलं, नोंदपत्रकात क्रमांकाच्या रकान्यात आडवी रेघ मारून शेरा लिहिला : "विनाखूण, नदीत जन्मलेला."

मी तो होता तिथेच रोवला. उरलेल्या चौकटी संपवायला पाच वाजले. पुढच्या वर्षी काइल्स फोर्डला चौकटींची संख्या वाढवायची, कारण फेझंटशेल इतके विरळ झालेत की आत्ताच्या नमुन्यावरून त्यांचा अंदाज नीट बांधता येत नाही, असं परततानाच्या बैठकीत ठरलं. माझं नाव त्या यादीत घालून आलोय. नाशिकच्या मुलीने डिसेंबरात सुटीवर जाताना कराडचा घाट, वाईचा घाट आणि सांगलीची नदी अशा तीन जागा पाहून ठेवायचं कबूल केलंय. लोखंडी चौकट मी कराडच्या लोहाराकडून करून ठेवणार आहे, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, आठ मिलिमीटरच्या सळईची.